आरटीएल : परवान्याच्या अटींवर वाढलेली वाहिनी

१९७८ साली पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर हेल्मुट श्मिट यांनी ‘डी त्साइट’ या साप्ताहिकात एक लेख लिहिला. आठवड्यातला एक दिवस प्रत्येक कुटुंबाने टीव्ही बंद ठेवावा आणि घरातल्या माणसांनी एकमेकांशी बोलावं, अशी त्यांची विनंती होती. तेव्हा त्या देशात टीव्ही म्हणजे एआरडी, झेडडीएफ आणि राज्यांच्या प्रादेशिक वाहिन्या एवढाच ऐवज होता. त्या सगळ्या सार्वजनिक होत्या आणि घरोघरच्या शुल्कावर चालत. एवढाही टीव्ही देशाच्या प्रमुखाला जास्त वाटत होता. पुढच्याच वर्षी श्मिट सरकारने देशभर केबल टाकण्याची योजना थांबवली. त्यानंतर जेमतेम पाच वर्षांनी, २ जानेवारी १९८४ रोजी, शेजारच्या लक्झेंबर्गमधून ‘आरटीएल प्लुस’ नावाची खासगी वाहिनी जर्मन भाषेत सुरू झाली. आणखी नऊ वर्षांत ती देशातली सर्वाधिक पाहिली जाणारी वाहिनी बनली.

या वाढीविषयी जर्मनीत चार दशकं दोन गट भांडत आले आहेत. खासगी वाहिन्यांनी लोकांची अभिरुची खालावली, असं एक गट म्हणतो. प्रेक्षकाला काय आवडावं हे ठरवणाऱ्या साहेबी वृत्तीतून त्यांनी त्याची सुटका केली, असं दुसरा सांगतो. दोन्ही बाजूंना भरपूर पुरावे सापडतात. मात्र दोन्ही गट एक गोष्ट नजरेआड करतात. आरटीएल निव्वळ बाजारावर वाढली नाही. न्यायालयाचे निकाल, राज्यांचे परवाने आणि त्या परवान्यांतल्या अटी यांनी तिचा आकार ठरवला. तिने केलेलं सर्वांत मोलाचं काम पाहिलं, तर त्यातलं बरंचसं ती स्वतःहून करायला राजी नव्हती.

मुळात जर्मनीत टीव्हीचा प्रश्न हा करमणुकीच्या आधी राज्यघटनेचा प्रश्न आहे. नाझी राजवटीने रेडिओ हे प्रचाराचं हत्यार बनवलं होतं. म्हणून युद्धानंतर दोस्त राष्ट्रांनी प्रक्षेपण केंद्र सरकारच्या हाती न देता राज्यांकडे सोपवलं आणि त्यावर समाजातल्या विविध घटकांच्या प्रतिनिधींची देखरेख बसवली. चॅन्सेलर कोनराड आडेनाउअर यांनी केंद्राच्या पुढाकाराने दुसरी वाहिनी काढायचा घाट घातला, तेव्हा कार्ल्सरूहच्या राज्यघटना न्यायालयाने २८ फेब्रुवारी १९६१ रोजी तो उधळून लावला. प्रक्षेपण हा राज्यांचा विषय आहे आणि ते सरकारच्या किंवा कोणत्याही एका गटाच्या ताब्यात जाता कामा नये, असा तो निकाल होता. मग सगळ्या राज्यांनी मिळून झेडडीएफ काढली. ती १ एप्रिल १९६३ रोजी सुरू झाली.

याच न्यायालयाने पुढे खासगी वाहिन्यांसाठी दार उघडलं, तेही एकदम सताड नाही. खासगी प्रक्षेपण घटनेच्या विरोधात नाही, पण मतांची विविधता टिकेल अशी तजवीज कायदेमंडळाने करायला हवी, असं १९८१ च्या निकालात म्हटलं होतं. सार्वजनिक संस्था मूलभूत गरज भागवत आहेत, तोवर खासगी वाहिन्यांकडून थोडं कमी अपेक्षिलं तरी चालेल, अशी मुभा १९८६ च्या निकालाने दिली. या दुसऱ्या निकालाचा अर्थ नीट समजून घेण्यासारखा आहे. खासगी वाहिनीला हलकीफुलकी राहण्याची सवलत मिळाली ती सार्वजनिक वाहिनी भक्कम आहे म्हणून. दोघी एकमेकींच्या स्पर्धक असल्या, तरी कायद्याच्या नजरेत एक दुसरीच्या आधारावर उभी आहे.

मधल्या काळात सत्ताबदल झाला होता. १९८२ मध्ये हेल्मुट कोल चॅन्सेलर झाले आणि त्यांचे टपालमंत्री क्रिस्टियान श्वार्त्स-शिलिंग यांनी देशभर तांब्याच्या केबलचं जाळं टाकायला घेतलं. सार्वजनिक वाहिन्या डावीकडे झुकलेल्या आहेत, ही ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाची जुनी तक्रार होती, आणि नव्या वाहिन्यांमागे तीही एक प्रेरणा होती. १ जानेवारी १९८४ रोजी ऱ्हाइनकाठच्या लुडविग्सहाफेन शहरात केबलचा पथदर्शी प्रकल्प सुरू झाला. त्यावर पहिली खासगी वाहिनी दिसली. तीच वर्षभराने ‘झाट आइन्स’ झाली. आरटीएल दुसऱ्या दिवशी आली.

लक्झेंबर्गच का, याचं उत्तर रेडिओत आहे. रेडिओ लक्झेंबर्ग हे १९३३ पासून जाहिरातींवर चालणारं केंद्र. ज्या देशांत खासगी रेडिओला मनाई होती, त्यांच्या सीमांपलीकडे ते आपला आवाज पोचवत असे. १९५७ पासून त्याची जर्मन सेवाही होती आणि गाणी, गप्पा, खुसखुशीत निवेदन यांमुळे ती जर्मन श्रोत्यांच्या आवडीची झाली होती. या रेडिओची मालक कंपनी आणि बेर्टल्समान हा जर्मन प्रकाशनसमूह यांनी मिळून आरटीएल प्लुस काढली. सूत्रं होती हेल्मुट थोमा या ऑस्ट्रियन माणसाकडे. शिक्षणाने वकील, ऑस्ट्रियाच्या सरकारी प्रक्षेपण संस्थेत काम केलेले, नंतर लक्झेंबर्गच्या जाहिरातविक्रीत मुरलेले. कायदा, सार्वजनिक टीव्ही आणि जाहिरात या तिन्ही गोष्टी आतून माहीत असलेला असा माणूस तेव्हाच्या जर्मनीत विरळाच होता.

सुरुवात अगदी तुटपुंजी होती. लक्झेंबर्गच्या मनोऱ्यावरून निघालेला संदेश सीमेलगतच्या झारलँड आणि ऱ्हाइनलँड-फाल्त्स या राज्यांतल्या सुमारे दोन लाख घरांपर्यंत पोचायचा. मोजकी माणसं, छोटी जागा, पैसा बेताचा. संध्याकाळच्या बातमीपत्राचं नाव होतं ‘सातला सात’, कारण ते सातला सात मिनिटं असताना लागायचं. मुख्य निवेदक हान्स मायझर. त्याच बातमीपत्रात ‘कार्लखेन’ नावाची हातात घालायची बाहुली टीकाटिप्पणी करायची. एआरडीच्या ‘टागेसशाउ’मध्ये निवेदक कागदावरून गंभीरपणे बातम्या वाचत, त्या देशात हे दृश्य अनेकांना अब्रह्मण्यम वाटलं. मला मात्र त्या पहिल्या काळातली आरटीएल प्रामाणिक वाटते. पैसा नसल्यामुळे तिला माणसांवर आणि कल्पनांवर भिस्त ठेवावी लागली. जर्मन टीव्हीवर निवेदक आणि प्रेक्षक यांच्यातलं अंतर कमी करण्याचं श्रेय या वर्षांना द्यायलाच हवं.

मात्र लक्झेंबर्गमध्ये बसून मोठं होणं शक्य नव्हतं. जर्मन शहरांत साध्या अँटेनावर दिसायचं तर लहरी हव्यात, आणि लहरींचं वाटप राज्यांच्या हाती. १ जानेवारी १९८८ रोजी आरटीएलने आपलं बिऱ्हाड कोलोनला हलवलं. तिथे, नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालन या सर्वाधिक लोकसंख्येच्या राज्यात, सोशल डेमोक्रॅट सरकार होतं. या पक्षाचा खासगी टीव्हीला मुळात विरोध, पण त्यातून येणारा रोजगार आणि स्टुडिओही हवेसे. म्हणून त्यांनी अटी घातल्या. वाहिनीने आपल्या वेळापत्रकातला काही वेळ बाहेरच्या स्वतंत्र निर्मात्यांना द्यायचा आणि त्या वेळेत ते जे दाखवतील त्यात ढवळाढवळ करायची नाही, ही त्यातली महत्त्वाची अट.

इथे अलेक्झांडर क्लूगं यांचं नाव येतं. जर्मन नवचित्रपटाच्या चळवळीतले हे दिग्दर्शक, लेखक आणि स्वतः कायदेतज्ज्ञ. त्यांनी ‘डीसीटीपी’ ही कंपनी काढली, ‘डेर श्पीगल’ साप्ताहिकाला आणि जपानच्या डेंत्सू या जाहिरात कंपनीला सोबत घेतलं आणि आरटीएलवरच्या या ‘खिडक्या’, म्हणजे राखीव वेळा, मिळवल्या. मे १९८८ पासून रात्री उशिरा तिथे ऑपेरा, तत्त्वज्ञान, युद्धाचा इतिहास, नाटककार हाइनर म्युलर यांच्याशी दीर्घ संवाद असं काहीबाही दिसू लागलं. कॅमेरा स्थिर, क्लूगं स्वतः पडद्याबाहेर, फक्त त्यांचा प्रश्न विचारणारा आवाज ऐकू यायचा. थोमा यांना याचा मनस्वी राग होता, कारण क्लूगं यांचा कार्यक्रम लागला की प्रेक्षक पटापट दुसरीकडे जात. पण काढून टाकण्याचा अधिकार त्यांना नव्हता.

त्याच अटीतून ‘श्पीगल टीव्ही’ हा रविवार रात्रीचा शोधपत्रकारितेचा कार्यक्रमही आरटीएलवर आला. ९ नोव्हेंबर १९८९ च्या रात्री पूर्व बर्लिनमधल्या बॉर्नहोल्मर श्ट्रासेच्या चौकीवर हजारो माणसं जमली आणि गोंधळलेल्या पहारेकऱ्यांनी अखेर अडसर उघडला, तेव्हा तो क्षण टिपणारा कॅमेरा श्पीगल टीव्हीच्या चमूचा होता. बर्लिनची भिंत पडली म्हटल्यावर जगभर आजही दाखवली जाणारी ती गर्दीची, अडसर उघडतानाची दृश्यं या चमूने टिपली. ज्या वाहिनीवर ती त्या रविवारी दाखवली गेली, तिच्या व्यवस्थापनाला तो कार्यक्रम कायद्याच्या अटीमुळे लावावा लागत होता. खासगी टीव्हीविषयीच्या कोणत्याही चर्चेत हे उदाहरण आलं पाहिजे असं मला कळकळीने वाटतं, पण ते फारसं येत नाही. १९९६ च्या राज्यांमधल्या करारात तर हे तत्त्व सर्वांसाठीच लिहिलं गेलं. ज्या वाहिनीचा प्रेक्षकवाटा वर्षभरात १० टक्क्यांवर जाईल, तिने आठवड्याला किमान २६० मिनिटं स्वतंत्र निर्मात्यांना द्यायची, त्यातली किमान ७५ मुख्य वेळेत.

अटी नसल्या की काय होतं, हेही १९८८ सालीच दिसलं. ऑगस्टमध्ये ग्लाडबेक शहरात दोन दरोडेखोरांनी बँकेत माणसं ओलीस धरली. हान्स मायझर यांनी बँकेत फोन लावून त्यांच्यातल्या एकाची मुलाखत घेतली. पुढच्या दोन दिवसांत हे नाट्य ब्रेमेन आणि कोलोनमधून फिरत राहिलं आणि पत्रकारांनी ओलीस ठेवलेल्या माणसांसमोर, डोक्याला पिस्तूल लावलेलं असताना, मायक्रोफोन धरले. यात सार्वजनिक संस्थांचे आणि वृत्तपत्रांचे वार्ताहरही होते, त्यामुळे दोष एकट्या आरटीएलवर टाकणं अन्यायाचं ठरेल. तीन माणसं मेली. घटना चालू असताना गुन्हेगाराची मुलाखत घ्यायची नाही, असा नियम नंतर जर्मन वृत्तपत्र परिषदेने आपल्या आचारसंहितेत घातला. पण स्पर्धेचा दबाव बातमीत शिरला की काय होतं, याचं ते पहिलं आणि भयंकर दर्शन होतं.

कोलोनला आल्यानंतरची पाच वर्षं म्हणजे घोडदौड. डिसेंबर १९८८ मध्ये लक्झेंबर्गचाच ‘ॲस्ट्रा’ उपग्रह अवकाशात गेला आणि जर्मन घरांच्या गच्च्यांवर, सज्ज्यांवर डिश उगवू लागल्या. १९९० मध्ये देश एक झाला. पूर्वेकडे केबल नव्हती, सार्वजनिक वाहिन्यांशी वर्षानुवर्षांचं आपलेपण नव्हतं आणि डिश स्वस्त होत होत्या. तिथल्या प्रेक्षकांनी आरटीएलला पश्चिमेपेक्षाही अधिक जवळ केलं. खेळांच्या हक्कांवर पैसा ओतला गेला. बुंडेसलिगा या फुटबॉल लीगचे सामने आले. विम्बल्डन आलं, आणि १९८९ मध्ये बोरिस बेकर आणि स्टेफी ग्राफ दोघंही जिंकले. १९९१ पासून फॉर्म्युला वनच्या शर्यती सलग दाखवायला सुरुवात झाली, आणि त्याच वर्षी मिखाएल शुमाखर पहिल्यांदा ट्रॅकवर उतरला. हे शेवटचं निव्वळ नशीब. तरी त्या नशिबावर वाहिनीच्या रविवारच्या दुपारी पुढची तीस वर्षं चालल्या.

सोबत ‘टुटी फ्रुटी’ होतं, इटलीहून आणलेला, स्पर्धक कपडे उतरवतात असा रात्रीचा खेळ. १९९० ते १९९३ अशी तीनच वर्षं तो चालला, पण आरटीएलचं नाव त्याच्याशी कायमचं जोडलं गेलं. यावर जेवढी शाई खर्च झाली तेवढं त्याचं महत्त्व नाही. पैशाचं गणित जास्त बोलकं आहे. सार्वजनिक वाहिन्यांना दिवसाला सरासरी २० मिनिटांच्याच जाहिराती घेता येतात, त्याही रात्री आठच्या आत. रविवारी तर नाहीच. म्हणजे जर्मन घरं जेव्हा टीव्हीसमोर बसतात त्या रात्रीच्या वेळेची सगळी जाहिरातबाजारपेठ कायद्याने खासगी वाहिन्यांना राखून ठेवली आहे. थोमा यांनी त्यात एक कल्पक भर घातली. सार्वजनिक वाहिन्यांचा प्रेक्षक वयाने मोठा होता, म्हणून १४ ते ४९ वयोगटातला प्रेक्षकच खरा मोलाचा, हे त्यांनी जाहिरातदारांच्या गळी उतरवलं. या सीमेमागे काही शास्त्र नव्हतं, असं त्यांनी पुढे उघड सांगितलं. तरीही अनेक वर्षं कोणती मालिका जगणार आणि कोणती बंद पडणार, याचा निर्णय याच आकड्यावर होत राहिला. पन्नाशी ओलांडलेला माणूस टीव्हीच्या हिशेबातून वजा झाला. ही गोष्ट मला टुटी फ्रुटीपेक्षा कितीतरी अधिक अपमानास्पद वाटते.

१९९२ च्या शरद ऋतूत नावातला ‘प्लुस’ गळला आणि १९९३ मध्ये १८.९ टक्के वाट्यासह आरटीएल देशात पहिली आली. ११ मे १९९२ रोजी सुरू झालेली ‘गुटे त्साइटन, श्लेख्टे त्साइटन’ म्हणजे ‘चांगले दिवस, वाईट दिवस’ ही जर्मनीतली पहिली दैनिक मालिका. ‘द रेस्टलेस इयर्स’ या ऑस्ट्रेलियन मालिकेच्या कथानकांवर तिची सुरुवात झाली आणि समीक्षकांनी तिला पार झोडपलं. पण ती आजही चालू आहे. १९९८ च्या निवडणुकीआधी गेरहार्ड श्रोडर यांनी तिच्या एका भागात हजेरी लावली आणि काही महिन्यांत ते चॅन्सेलर झाले. ज्या माध्यमाकडे श्मिट संशयाने पाहत, त्याच माध्यमातल्या दैनिक मालिकेत त्यांच्याच पक्षाचा नेता मतं मागायला गेला. दुपारचे गप्पांचे कार्यक्रम, लग्नाचे सोहळे, विनोदी शनिवार रात्र, महामार्ग पोलिसांची ‘कोब्रा ११’ हे सगळं याच दशकातलं.

सच्चेपणाचा प्रश्न मात्र पाठ सोडत नव्हता. आरटीएलवरच्या ‘श्टेर्न टीव्ही’ने एका स्वतंत्र चित्रीकरण करणाऱ्याकडून खळबळजनक वृत्तपट विकत घेतले. त्यातले काही त्याने ओळखीपाळखीच्या लोकांना वेषांतर करायला लावून स्वतःच रचले होते. १९९६ मध्ये कोब्लेंझच्या न्यायालयाने त्याला चार वर्षांची शिक्षा दिली. पंचवीस वर्षांनी, २०२१ च्या पुरात, आरटीएलच्याच एका निवेदिकेने कॅमेऱ्यासमोर जाण्याआधी तोंडाला आणि कपड्यांना चिखल फासल्याचं उघड झालं आणि वाहिनीने तिला कामावरून दूर केलं.

या दोन घटनांच्या मधल्या काळात वाहिनीने बातम्यांत जी पत कमावली, तीही तितकीच खरी आहे. तिचं श्रेय मुख्यतः पेटर क्लोपेल यांचं. न्यूयॉर्कमध्ये वार्ताहर असलेले क्लोपेल १९९२ मध्ये ‘आरटीएल आक्टुएल’ या बातमीपत्राचे मुख्य निवेदक झाले आणि २०२४ पर्यंत राहिले. ११ सप्टेंबर २००१ च्या दुपारी ते सलग सात तासांहून अधिक काळ प्रक्षेपणावर होते. आवाज चढवला नाही, माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांगितलं. त्यासाठी त्यांना ग्रिमे पुरस्कार मिळाला. जर्मन टीव्हीतला हा सर्वांत मानाचा पुरस्कार. २००१ मध्येच आरटीएलने पत्रकारितेची स्वतःची शाळा काढली आणि तिचे पहिले संचालकही क्लोपेलच होते. पुढच्या वर्षी चॅन्सेलरपदाच्या उमेदवारांची जर्मन इतिहासातली पहिली दूरचित्रवाणी जुगलबंदी, श्रोडर विरुद्ध एडमुंड श्टॉइबर, आरटीएल आणि झाट आइन्सवर झाली. क्लोपेल तिच्या सूत्रसंचालकांपैकी एक होते.

शतक बदलतानाचं दशक परदेशी साच्यांचं. ‘कोण होणार लक्षाधीश’ छापाची ब्रिटिश प्रश्नमंजुषा ३ सप्टेंबर १९९९ रोजी ग्युंटर याउख यांच्यासोबत सुरू झाली. दहा महिन्यांनी तोच साचा अमिताभ बच्चन यांच्यामुळे आपल्या घरांत आला. २००२ मध्ये गायकांची स्पर्धा, २००४ मध्ये जंगलात सोडलेल्या प्रसिद्ध माणसांचा खेळ. स्पर्धेत परीक्षक डीटर बोलेन पोरासोरांचा जो पाणउतारा करीत, त्यावर तरुणांच्या संरक्षणासाठीच्या आयोगाला कारवाई करावी लागली. बेसूर गाणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावरचं अपयश पुन्हा पुन्हा दाखवून पैसा मिळवणं हे माझ्या लेखी या वाहिनीच्या इतिहासातलं सर्वांत हीन काम आहे. त्याची टीआरपी कितीही असो.

याच साच्यांच्या व्यापारातून महाराष्ट्राशीही धागा जुळतो. बेर्टल्समानच्या ताब्यातला आरटीएल समूह ‘फ्रीमँटल’ या निर्मिती कंपनीचा मालक आहे, आणि ‘इंडियन आयडॉल’ हा फ्रीमँटलच्या साच्यावरचा कार्यक्रम. पहिल्या वर्षी तो जिंकला मुंबईच्या अभिजीत सावंतने. २०१२ मध्ये समूहाने रिलायन्स ब्रॉडकास्टसोबत ‘बिग आरटीएल थ्रिल’ ही हिंदी वाहिनीही भारतात काढली. ती रुजली नाही आणि समूहाने अंग काढून घेतलं.

२०१२ हेच जर्मनीतल्या घसरणीचंही वर्ष. तेव्हापासून देशात पहिली वाहिनी झेडडीएफ आहे. ज्या तरुणांसाठी १४ ते ४९ चा आकडा बेतला होता, ते मोबाइलकडे आणि नेटफ्लिक्सकडे गेले. ज्यांना हिशेबातून वगळलं, ते सार्वजनिक वाहिन्यांपाशीच टिकले. आरटीएलने २०१३ मध्ये आपला वयोगट ५९ पर्यंत ताणला. २०२१ मध्ये बोलेन यांना निरोप देऊन (दोन वर्षांत ते परतले), ‘टागेसशाउ’चे ज्येष्ठ निवेदक यान होफर यांना आणून आणि चॅन्सेलरपदाच्या तीन उमेदवारांची पहिली चर्चा घडवून वाहिनीने गंभीर चेहरा धारण करू पाहिला. त्याच वर्षी तिच्या स्ट्रीमिंग सेवेचं नाव ‘आरटीएल प्लस’ झालं. जून २०२५ मध्ये समूहाने ‘स्काय डॉइचलँड’ ही सशुल्क टीव्ही कंपनी १५ कोटी युरो आणि पुढच्या कामगिरीवर अवलंबून असलेली वाढीव रक्कम देऊन विकत घेण्याचा करार जाहीर केला, कारण फुटबॉलचे हक्क असल्याशिवाय अमेरिकी कंपन्यांपुढे टिकाव लागणं कठीण.

वाहिनीचं पुढे काय होणार यापेक्षा मला चिंता आहे ती तिच्यावरच्या अटींची. स्वतंत्र निर्मात्यांना वेळ देण्याचं बंधन प्रक्षेपणावर आहे आणि ते प्रेक्षकवाट्याशी बांधलेलं आहे. प्रेक्षक ॲपवर गेला की वाटा घसरतो आणि बंधनही निसटतं. मागणीनुसार उघडणाऱ्या व्हिडिओंच्या यादीत क्लूगं यांच्यासाठी राखलेली रात्रीची वेळ असत नाही. आपल्याकडे वाहिन्या आल्या त्या परदेशी उपग्रहांवरून, कायदा मागून आला, आणि वाहिनीच्या वेळेतला काही भाग स्वतंत्र निर्मात्यांना मिळावा ही मागणी आपण कधी जोरात केलीच नाही. ओटीटीसाठीचे नियम आता दिल्लीत घडत आहेत, तेव्हा मराठी निर्मात्यांनी, पत्रकारांनी आणि प्रेक्षकसंघटनांनी ही मागणी लेखी स्वरूपात सरकारपुढे ठेवावी.